नव्या घरात लाकडाचा भुगा पडतोय? आधी रंगाऱ्याला थांबवा

खरेदीखत झालं, नारळ फुटला, सामान आलं. लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या जुन्या वस्तीतलं माळवदाचं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं छत असलेलं, घर आम्ही हौसेनं घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी झाडताना ओसरीतल्या डाव्या खांबाखाली, शहाबादी फरशीवर, चिमूटभर पांढुरका भुगा दिसला. झाडून टाकला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी तेवढाच. बोटांत घेऊन चोळला तर मैद्यासारखा मऊ. वर पाहिलं तर खांबाच्या एका अंगाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकंच भोकं.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "घुण लागलाय. खांब बदलावा लागतंय बघा." रंगारी म्हणाला, "लांबी (पुट्टी) भरून ऑइलपेंट मारू, दिसणार बी नाही." आणि एका पेस्ट कंट्रोलवाल्यानं फोनवरच सांगितलं की सगळ्या घराची फरशी भोकं पाडून औषध भरावं लागेल. तिघांपैकी कुणाचंही ऐकलं असतं तरी पैसा गेला असता आणि कीड राहिली असती. गावातल्या एका म्हाताऱ्या सुतारमामांनी आम्हाला वाचवलं. त्यांच्याकडून आणि नंतरच्या तीन उन्हाळ्यांत जे शिकलो ते क्रमानं लिहितो. तुम्ही नुकतंच घर घेतलं असेल, माळवद असो, वाड्यातला हिस्सा असो की संभाजीनगर-लातुरातलं रो हाऊस, हाच क्रम धरा.

पहिलं काम: भुगा ओळखा

घरात लाकूड खाणारं सगळं एकाच जातीचं नसतं आणि उपाय जातीप्रमाणं बदलतो. औषध आणण्याआधी एक पांढरा कागद घ्या, त्यावर भुगा घ्या आणि उजेडात नीट बघा.

भुगा मैद्यासारखा बारीक आणि भोकं गोल, एक-दोन मिलिमीटरची असतील, तर तो घुण. तीन मिलिमीटरच्या वरची भोकं आणि जरा जाडसर भुगा असेल, तर त्याचाच मोठा भाऊबंद. तो बाभळीत, आंब्याच्या लाकडात आणि सरपणात फार दिसतो. कागदावर भुग्याऐवजी खसखशीसारखे कडक, सुटे दाणे पडले, तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. भिंतीवरून किंवा खांबावरून मातीच्या वाटा चढलेल्या असतील, तर ती जमिनीतली वाळवी, म्हणजे आपली उधई. तिचा बंदोबस्त जमिनीतून करायचा असतो. आणि तुळईच्या खालच्या अंगाला बोट जाईल एवढं एकच गोल भोक, खाली लाकडाचा जाड चुरा, दुपारी आसपास मोठा काळा भुंगा घोंगावतोय, असं असेल तर घाबरू नका. तो भुंगा लाकूड खात नाही, अंडी घालायला बीळ करतो. एखाद-दुसऱ्या बिळानं तुळई कमजोर होत नाही. संध्याकाळी त्यात भुंगा नाही हे पाहून लाकडाची खुंटी मारली की झालं.

आपल्याकडं "भुंगा लागला" हे या सगळ्यांनाच म्हणतात. त्यामुळं फोनवर "भुंगा लागलाय" एवढंच सांगितलंत तर समोरचा त्याला जे विकायचंय तेच औषध सांगणार. कागदावरचा भुगा पुडीत बांधून सोबत न्या.

घुणाचं चक्र समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. मादी उघड्या, रंग न दिलेल्या लाकडाच्या बारीक छिद्रांत अंडी घालते. त्यातून निघालेली अळी लाकडातला स्टार्च खात आतल्या आत बोगदे काढते. लाकडाच्या प्रतीवर आणि हवेवर अवलंबून यात काही महिने जातात, कधी वर्ष-दोन वर्षंही जातात. वाढ पूर्ण झाली की तिचा भुंगेरा होतो, तो भोक पाडून बाहेर पडतो आणि तेव्हाच भुगा खाली सांडतो. म्हणजे तुम्हाला दिसणारं प्रत्येक भोक हे कीड आत शिरल्याचं नसून बाहेर पडल्याचं आहे. माझ्या खांबावर शंभर भोकं होती, म्हणजे शंभर भुंगेरे कधीतरी निघून गेले होते. आत्ता आत कुणी आहे का, हा प्रश्न वेगळाच राहतो.

दुसरं: कीड जिवंत आहे का

याचं उत्तर भोकं मोजून मिळत नाही. त्याला वेळ द्यावा लागतो, आणि इथंच बहुतेक जण घाई करतात.

पहिल्या आठवड्यात सगळं लाकूड कोरड्या कुंचल्यानं झाडून घ्या. खांब, तुळया, चौकटी, देवळ्यांच्या फळ्या, जिन्याच्या पायऱ्या, काहीच सोडू नका. मग दिसणाऱ्या प्रत्येक भोकाभोवती खडूनं गोल करा आणि शेजारी तारीख लिहा. खाली काळा कागद किंवा जुन्या काळ्या छत्रीचं कापड अंथरा, त्यावर पांढरा भुगा लगेच उठून दिसतो. ज्या भागावर संशय जास्त आहे तिथं पतंगाचा पातळ कागद पाणी घातलेल्या फेविकॉलनं चिकटवा. आतून भुंगेरा निघाला तर तो कागदालाही भोक पाडून निघतो, मग वादाला जागा राहत नाही.

एक धोका लक्षात ठेवा. जुन्या बोगद्यांत वर्षानुवर्षांचा भुगा साठलेला असतो. दार आपटलं, माळवदावर कुणी चाललं, शेजारी बोअर घेतला, की तो खाली सांडतो. म्हणून नुसत्या भुग्यावर निकाल देऊ नका. ताजा भुगा फिकट, स्वच्छ असतो आणि नव्या भोकाची कड आतून उजळ दिसते. जुनं भोक धुळीनं काळवंडलेलं असतं, त्यात कोळिष्टकं असतात.

भुंगेरे बाहेर पडण्याचा जोर उन्हाळ्यापासून पावसाळाभर असतो. दिवाळीनंतर घर घेतलं असेल तर थंडीत भुगा नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, पुढचा उन्हाळा जाऊ द्या. संध्याकाळी दिव्याखाली आणि खिडकीच्या कट्ट्यावर बघत चला. तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान, लांबुळके, तपकिरी भुंगेरे मेलेले सापडले तर ती पक्की खूण. मात्र ज्वारीच्या कणगीतले सोंडे आणि हे यांत गल्लत करू नका. सोंड्याला पुढं सोंड असते, घुणाला नसते.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: डोक्यावरचा भार

माळवदाचं घर घेतलेल्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

आपलं माळवद म्हणजे खांब, खांबावर तुळई, तुळईवर सर (बारीक आडवी लाकडं), सरांवर फळ्या किंवा किलच्या (लाकडाच्या चिपा), आणि त्यावर मातीचा थर. कोरडी माती एक फूट जाडीची धरली तरी दर चौरस फुटाला ४५ ते ५० किलो वजन होतं. म्हणजे दहा बाय दहाच्या एका खणावर (खांबांमधल्या एका भागावर) साडेचार-पाच टन. पावसात भिजली की त्याहून जास्त. दरवर्षी माती टाकत गेल्यानं काही घरांवर हा थर दोन फुटांपर्यंत चढलेला असतो. किल्लारी आमच्याच तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावरची ती माती यांनीच माणसं गाडली. त्यामुळं आमच्या भागात तुळई किडलीय म्हटलं की पोटात गोळा येतो, आणि तो यायलाच हवा.

पण तपासल्याशिवाय निकाल लावू नका. सुतारमामांनी आमच्या ओसरीत काय केलं ते सांगतो. पोती शिवायचं दाभण त्यांनी खिशातून काढलं. भोकं असलेल्या अंगाला टेकवून अंगठ्यानं दाबलं. दाभण अर्धा इंच आत गेलं, भुगा सांडला, आणि मग खटकन अडलं. त्यांनी जोर लावला, दाभण वाकलं पण पुढं जाईना. मग खांबाला फिरवत फिरवत दर वीतभरावर हेच केलं. सगळीकडं वरचं अर्धा इंच मऊ, आत दगड. म्हणाले, "नुसतं पांढरं खाल्लंय मालक. आतल्या सागवानाला हात लावला नाही त्यानं."

सगळी गोम इथं आहे. सालीजवळच्या पांढऱ्या लाकडात स्टार्च असतो, घुणाला तेवढंच हवं असतं. सागवानाचा तपकिरी गाभा तो खात नाही. जुन्या घरांतल्या खांबा-तुळयांत गाभाच जास्त असतो, कडेला कुठंतरी पांढऱ्याची पट्टी राहिलेली असते आणि भोकं त्या पट्टीतच दिसतात. अशा खांबाचं पांढरं पोखरून संपलं की कीड उपाशी मरते. बाभूळ, आंबा किंवा किरकोळ जंगली लाकूड असेल तर मात्र एवढं निर्धास्त राहता येत नाही.

दाभण लावायच्या जागा ठरलेल्या आहेत. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक, खांबाचं तळखड्यावर (खालच्या दगडी बैठकीवर) टेकलेलं बूड, आणि पन्हाळीच्या आसपासचे सर. ओल तिथंच धरते. हातोडीच्या दांड्यानं ठोकून आवाजही ऐका. ठणठणीत लाकूड खणखणतं, पोकळ लाकूड भदभद वाजतं. दाभण एक-दीड इंच सहज जात असेल, तुळई मध्ये लोंबलेली दिसत असेल, आधारावर चिरडल्याच्या खुणा असतील, तर औषधाचा विचार बाजूला ठेवा. त्या खणाखाली झोपायचं बंद करा, सामान हलवा, लोखंडी टेकू लावून घ्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. तुळई काढायची असेल तर आधी वरची माती थोडी थोडी उतरवावी लागते, तीही टेकू लावल्यावरच. हे काम घरच्या पोरांनी करायचं नाही.

अजून इसार दिला नसेल तर फारच उत्तम. सुताराला घेऊन जा, दाभण लावून घ्या आणि मग भावाचं बोला.

चौथं: पाणी बंद करा

ओलसर लाकडात कीडही जगते, बुरशीही येते आणि उधईला तर आमंत्रणच मिळतं. माळवद गळत असेल तर मृगाआधी पांढरी माती टाकून चोपून घ्या, पन्हाळी मोकळ्या करा, माळवदावर उगवलेलं गवत उपटा. पण जुना थर आधीच जाड असेल तर वर नवी माती चढवत बसू नका, जुनी उतरवून मग टाका. खांबाच्या बुडाशी फरशी धुण्याचं पाणी साचत असेल तर उतार बदला. हे न करता केलेली फवारणी एका पावसाळ्यात वाया जाते.

पाचवं: औषध

कीड जिवंत आहे हे ठरल्यावरच इथं या.

लाकडावर रंग किंवा पॉलिश असेल तर पाण्यातलं औषध आत शिरणारच नाही, आधी ते उतरवावं लागतं. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण अगदी नगण्य ठेवण्याचा नियम आपल्याकडं २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका, पाणी मारून ओला घासा, तोंडाला चांगला मास्क बांधा, आणि लहान मुलांना व गरोदर बाईला त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवा.

उघड्या लाकडासाठी मी टाकणखार आणि बोरिक पावडर वापरली, आणि सुरुवात कुणीही यानेच करावी असं माझं मत आहे. टाकणखार सोनाराच्या सामानाच्या दुकानात मिळतो. बोरिक पावडर म्हणजे कॅरमवर टाकतात ती. एक लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम टाकणखार आणि ४० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा. कोमट असतानाच ब्रशनं सढळ हातानं लावा, पहिला हात वाळायच्या आत दुसरा, मग तिसरा. तुळईची वरची बाजू, चौकटीची मागची बाजू, जिथं ब्रश पोचत नाही तिथं फवारा मारा. लाकूड दोन-तीन आठवडे सावलीत वाळू द्या. हे औषध पावसानं धुऊन जातं, म्हणून बाहेरच्या दाराला वाळल्यावर तेल किंवा वॉर्निश चढवायलाच हवं. वास नाही, आग धरत नाही, पण पोटात गेलं तर विष आहे. स्वयंपाकाची भांडी वापरू नका आणि उरलेलं पाणी आडात किंवा नालीत ओतू नका.

याचा गुण सावकाश येतो. खोल बसलेली अळी लगेच मरत नाही, ती वरच्या औषध लागलेल्या थरातून बाहेर पडताना मरते. नवी अंडीही त्या लाकडात जगत नाहीत. त्यामुळं पुढचे काही महिने थोडा भुगा पडला तरी औषध वाया गेलं असं समजू नका.

भोकांत सुईनं औषध भरायचं असेल तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं तयार लाकूड-संरक्षक द्रव घ्या आणि डब्यावरच्या सूचना पूर्ण वाचा. हे बहुधा रॉकेलसारख्या द्रावणात असतं, त्यामुळं देवापुढचा दिवासुद्धा विझवून दारं-खिडक्या उघड्या ठेवा. आणि डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय सुईला हात लावू नका. आतले बोगदे एकमेकांना जोडलेले असतात. मी एका भोकात सुई दाबली आणि चार बोटं वरच्या भोकातून चिळकांडी थेट डोळ्यात आली. रात्रभर डोळा सुजून होता.

पलंगाच्या पट्ट्या, पाट, पोळपाट, पाळण्याचे दांडे अशा बारीक वस्तूंना आपलं ऊन पुरतं. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णता अर्धा तास पोचली की कीड मरते. वैशाखात पत्र्यावर काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, उलटून-पालटून तीन-चार दिवस दुपारभर ठेवा. पोळपाटाला औषध लावायचंच नाही, त्याला ऊनच. जाड तुळईच्या पोटात मात्र ही उष्णता जात नाही.

काय करू नये तेही सांगतो. जळकं ऑइल आणि डिझेल आपल्याकडं सर्रास चोपडतात. वरवर दिसणारी कीड मरते, पण लाकूड पेटायला सोपं होतं आणि नंतर टाकणखाराचं पाणी शिरत नाही. धान्यात ठेवतात त्या सेल्फॉसच्या गोळ्या भोकात किंवा माळवदाच्या फटीत कुणी ठेवायला सांगितल्या तर त्या माणसाला घरात घेऊ नका. त्यातून निघणारा वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो, आणि भिंतीच्या फटींतून तो शेजारच्या घरातही जातो. औषध लावलेलं लाकूड चुलीत किंवा बंबात घालू नका. आणि किडकं सरपण, वेळू, पऱ्हाट्या घराच्या भिंतीला लावून रचू नका. आमच्याकडं मागच्या पडवीत आधीच्या मालकांनी ठेवलेला बाभळीच्या सरपणाचा ढीग हाच किडीचा कारखाना होता, तो हलवल्यावर निम्मी कटकट संपली.

जवसाचं तेल लावायची आपली जुनी रीत चांगली आहे. तेल किडीला मारत नाही, पण लाकडाची छिद्रं भरून नवी अंडी घालायला जागा ठेवत नाही. म्हणून ते टाकणखार वाळल्यावर लावायचं. तेल पुसलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. बाहेर सुट्या वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून टाका.

पेस्ट कंट्रोलवाला बोलावताना

व्यवसाय म्हणून कीटकनाशक फवारणाऱ्याला कीटकनाशक कायदा, १९६८ खाली परवाना लागतो. तो दाखवायला सांगा. औषधाचं नाव बिलावर लिहून घ्या. आणि मुख्य प्रश्न विचारा: हा इलाज घुणाचा आहे की वाळवीचा? फरशीला भोकं पाडून जमिनीत औषध सोडणं हा उधईवरचा इलाज आहे. ते औषध फरशीखाली राहतं, खांबाच्या पांढऱ्यात बसलेल्या अळीपर्यंत कधीच पोचत नाही. आम्हाला फोनवर हेच विकायला निघाले होते. हमी मिळत असेल तर ती कोणत्या किडीची, हे कागदावर हवं.

नवं लाकूड आणताना

रो हाऊसवाल्यांचा त्रास बहुतेक इथूनच सुरू होतो. चौकटी स्वस्त लाकडाच्या, त्यात पांढरं भरपूर, आणि रंग फक्त दिसणाऱ्या बाजूला. लाकडाच्या वखारीत गेलात की फळीचं टोक ओलं करून बघा, पांढरा आणि गडद भाग लगेच वेगळा दिसतो. पांढरं तासून काढायला सांगा, थोडं लाकूड वाया जातं पण घर वाचतं. आंब्याचं लाकूड चौकटीला घेऊ नका. बाभूळ वापरायची असेल तर जुनी माणसं ओंडके पाण्यात महिनोन् महिने बुडवून ठेवायची. त्यानं लाकडातलं किडीचं खाणं बरंच पाझरून जातं. वेळूलाही हीच रीत. प्लायवूड घेताना गोंदातच कीडरोधक मिसळलेलं आहे का ते विचारा. चौकट भिंतीत बसवायच्या आधी चारही बाजूंना टाकणखाराचं पाणी आणि वर प्रायमर, एवढं गवंड्याला थांबवून करून घ्या, कारण एकदा बसली की मागची बाजू कायमची गेली.

भोकं बुजवायची घाई नको. बुजवलेल्या लाकडावर नवं भोक पडलं तर लगेच कळतं हे खरं, पण खडूच्या जुन्या खुणा पुसल्या जातात. आम्ही पहिल्या वर्षी सतरा नवी भोकं मोजली, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या उन्हाळ्यात पतंगाचा कागद कोराच राहिला. लागोपाठ दोन उन्हाळे-पावसाळे कागद कोरा राहिला, की सागवानाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून भोकं भरा, आणि मग रंगाऱ्याला फोन करा.